आधी अक्काला चढवा

माझं निम्मं आयुष्य टक्केवारीत गेलं. लोकांचे जुने दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं नि चांदी तेजाबानं काढून टाकायची आणि उरलेलं सोनं किती टक्के शुद्ध आहे ते सांगायचं, या धंद्याला आमच्याकडे गलाई म्हणतात आणि त्या शुद्धतेला टंच. विट्याच्या आसपासची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आम्ही दोघे भाऊ तमिळनाडूत होतो. तिथे मी सांगितलेला टंच गिऱ्हाइकाला आवडला नाही की तो दुसऱ्या दुकानात जायचा, तिथला आवडला नाही की तिसऱ्या, आणि हवा तो आकडा सांगणारा भेटला की त्याला प्रामाणिक म्हणायचा. मी असल्या माणसांना हसायचो. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले. मी दहावीला आपटलो तेव्हा दादानंच मला बखोट धरून रेल्वेत बसवलं आणि भट्टीपुढे उभं केलं. आमच्या दोघांमधली बहीण म्हणजे अक्का. तिचं लग्न दादानंच लावलं, कन्यादान त्यानं आणि वहिनीनं केलं, आणि तिला फलटणकडे उसाच्या पट्ट्यात दिली. दादाला मूलबाळ नाही. त्यानं ती हौस आम्हा दोघांवर भागवून घेतली, म्हणजे आम्हाला पन्नाशीपर्यंत रागावला.

त्याच्या लिव्हरचं दुखणं निघालं तेव्हा आम्ही दुकान भागीदारावर टाकून गावी आलो. दादानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. सगळा गाव त्याला भेटायला आला आणि बसल्या बसल्या दारू सोडायचा सल्ला देऊन गेला. वहिनी सुरुवातीला भांडायची. नंतर ती मुकाट्यानं चहा टाकायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चरबी साठली आणि त्यानं ते कडक होत गेलं. "चरबी? ह्यांच्यात?" वहिनी म्हणाली. तिचं बरोबर होतं, दादा हातापायानं काडी. पोट तेवढं होतं, आणि आता त्या पोटात पाणी व्हायला लागलं होतं.

उपाय एकच होता. जवळच्या नात्यातल्या निरोगी माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून दादाला बसवायचा. दोघांकडेही तो पुन्हा वाढतो म्हणे. सोन्याच्या धंद्यात असा माल मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांना हे दोनदा विचारून घेतलं. वहिनीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मी म्हणालो, माझं घ्या. अक्का तिथेच बसली होती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दादानं हात वर केला.

"तू न्हाई. लेकीकडनं घेत न्हाईत."

इथे दादाच्या बाटलीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या लोकांत रीत होती, दिलेल्या लेकीच्या घरचं बापानं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. आता ही रीत कुणी पाळत नाही. पण दादा अक्काच्या बापाच्या जागी होता, आणि ज्यांना जागा दुसऱ्याची मिळते ते ती जास्त कडक सांभाळतात. फलटणला तिच्याकडे जाताना तो घरून पाण्याची बाटली भरून न्यायचा. अक्काच्या दारात बारमाही विहीर, आणि हा ओट्यावर बसून बाटलीतलं उन्हानं तापलेलं पाणी घोट घोट पिणार. अक्काला मुलं झाली, मोठी झाली, थोरला नोकरीला लागला, तरी बाटली सुटली नाही. अक्काचे यजमान, आमचे दाजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते म्हणायचे, "आले आमचे मेव्हणे, सोताचं राशन घिऊन." अक्का हसायची. मागून ती बाटलीकडे बघत राहायची, ते मी पाहिलेलं आहे.

तर अक्काचा विषय तिथेच संपला आणि माझी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. असं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही. वजन उतरवा, चरबी कमी करा, मग पुन्हा बघू. पण फार वेळ नाही, तुमच्या भावाकडे तेवढा नाही."

मला भीती वाटायला हवी होती. मला उलट हुरूप आला. मळ काढायचा, टंच बघायचा, पुन्हा मळ काढायचा, हे तर माझं रोजचं काम. फक्त अंगातली चरबी किती टक्के आहे ते नीट सांगणारं मशीन हवं होतं.

विट्यात एका जिममध्ये तसलं मशीन होतं. मालक पूर्वीचे पैलवान, आता त्यांची स्वतःची चरबी मोजण्यापलीकडे गेलेली. वजनकाट्यासारखी पाटी, तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. एका पायातून बारीकशी वीज आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर येते. अंगातल्या पाण्यातून ती सहज वाहते, चरबीत अडते. किती अडली त्यावरून, आणि आपण सांगितलेलं वय आणि उंची धरून, मशीन आकडा सांगतं. माझा तेहतीस आला. माझं तोंड बघून पैलवानांनी एक बटण दाबलं आणि मला पुन्हा उभं केलं. सव्वीस.

"कुठलं बटण दाबलं?"

"खेळाडूचं."

"मी खेळाडू हाय व्हय?"

"आवं, होणारच हाय की आता. मन खूश ठेवायचं."

एका बटणावर सात टक्के चरबी गेली. आमच्या धंद्यात एवढा फरक पडला असता तर गिऱ्हाइकानं दुकानाची काच फोडली असती. मी पैलवानांना बटण परत काढायला लावलं. त्या दिवशी मी अजून शुद्धीवर होतो.

पण मशीन खरं की खोटं हे कसं कळायचं? दुकानात आमच्याकडे टंच काढायचं मशीन होतं. रोज सकाळी गिऱ्हाइकाचा माल ठेवण्याआधी आम्ही त्यात ठरलेला एक तुकडा ठेवायचो. तो तुकडा विकायचा नाही, वितळवायचा नाही, कुणाला घालायला द्यायचा नाही. त्याचा आकडा कालच्यासारखाच आला की मशीन बरोबर, आणि हलला की मशीन बंद करून मिस्त्रीला फोन. इथे मला तसं एक न बदलणारं माणूस हवं होतं. माझ्या बघण्यात ते एकच होतं. अक्का शिंप्याकडे मापाला जो ब्लाऊज देते तो तिच्या थोरल्याच्या बारशातला आहे. शिंपी दोन बदलले, माप तेच.

अक्का दर पंधरवड्याला दादाला बघायला विट्याला यायचीच. मी तिला जिममध्ये नेलं.

"मी काय मापाचा दगड हाय का रं?" ती म्हणाली, आणि पदर खोचून पाटीवर चढली. पैलवान म्हणाले, पायातली जोडवी काढा, चांदीनं आकडा बिघडतो. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. "मालक जित्ते हायत माझे," ती म्हणाली. मीही मध्ये पडून समजावलं, पण जोडव्यांचा प्रश्न नाजूक असतो. शेवटी असं ठरलं की जोडवी प्रत्येक वेळी असतीलच, म्हणजे फरक प्रत्येक वेळी सारखाच पडेल. अक्काचा तेवीस आला. पंधरवड्यानं पुन्हा तेवीस. मग तिच्यामागून मी चढायचो आणि माझा आकडा मान्य करायचो. पुढे कुठल्याही मशीनपाशी गेलो की माझं एकच म्हणणं असायचं, आधी अक्काला चढवा.

मी भात सोडला, साखर सोडली, उसाचा रस सोडला. पहाटे विट्याहून खानापूरच्या रस्त्यानं चालायला लागलो. वाटेत भेटणारे विचारायचे, "कुणीकडं?" मी सांगायचो, "कुणीकडं न्हाई." हे उत्तर आमच्या भागात संशयास्पद मानतात. वजन उतरायला लागलं, पण पैलवानांचं मशीन काही केल्या तिसाच्या खाली येईना. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, चालून घामाघूम होऊन गेलं की दुसरा, पाणी पिऊन गेलं की तिसरा. अक्का मात्र कधीही चढली तरी तेवीसच्या आसपास. म्हणजे मशीन बरोबर होतं. मला ते पटेना.

मग मी मोबाईलला जोडायचा एक काटा मागवला. त्यानं अक्काला एकाच सकाळी अठरा, सत्तावीस आणि एकवीस दाखवलं. मला चोवीस दाखवलं. अक्काचा आकडा हलला, म्हणजे हे मशीन तिथल्या तिथे बाद व्हायला हवं होतं. मी ते पलंगाखाली ठेवलं आणि रोज त्याच्यावरच चढायला लागलो.

दाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बॅटरीच्या डब्यावर काय इस्वास ठेवतोस? फौजेत टेप लावत्यात, टेप." त्यांनी कपाटातून फीत काढली, माझी कंबर मोजली, मान मोजली आणि कागदाच्या कपट्यावर काहीतरी गुणाकार केला. बावीस. मी खूश होऊन विचारलं, मानेचा काय संबंध? तर या हिशेबात मान जितकी जाड तितकी चरबी कमी निघते. माझी मान आमच्या घराण्यात सगळ्यांत जाड आहे, शाळेत मला त्यावरून चिडवायचे. इतक्या वर्षांनी ती कामाला आली म्हणून मला बरं वाटलं. अक्काला फीत लावायला दाजी तयार होईनात, तेव्हा ही पद्धत तपासायची राहिली. मी आग्रहही धरला नाही.

सांगलीला दाजींच्या ओळखीचे एक क्रीडाशिक्षक होते. त्यांच्याकडे चिमटा होता. दंडाची, पोटाची, मांडीची कातडी चिमटीत धरायची आणि तिची जाडी मोजायची. त्यांनी मोजलं तेव्हा अठ्ठावीस, त्यांच्या शेजारच्या शिक्षकांनी मोजलं तेव्हा चोवीस. दोघांत वाद झाला की चिमटा कुणी जास्त दाबला. माझं अंग दोन दिवस हिरवंनिळं होतं. निघताना ते शिक्षक म्हणाले, "बघा, हे कातडीखालचं झालं. आतलं आम्हाला दिसत नाही."

हे वाक्य ऐकून मी जागचा हलायला नको होतो. टंचाचं मशीनसुद्धा वरचंच बघतं. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत चांदी असली तर ते खुशाल शुद्ध सोनं सांगतं. म्हणून शंकेचा माल आला की आम्ही लगडीच्या कोपऱ्यातून बारीकसा काप घेतो आणि तो भट्टीत जाळून बघतो. हे मी कितीतरी नव्या माणसांना शिकवलेलं. सांगलीच्या स्टँडवर उसाचा रस पिणाऱ्यांकडे बघत मी विचार काय केला, तर दाजींचे बावीस आणि यांचे चोवीस यांची सरासरी तेवीस. म्हणजे मी आणि अक्का सारखे झालो.

त्याच सुमारास गावची जत्रा आली. घरात मटण शिजलं. दादाला चार घासांच्या वर जायचं नाही, मीठ तर नाहीच. मी ताकभाकरी घेऊन बसलो. दादा माझ्या ताटाकडे बघत होता. मग त्यानं आपल्या वाटीतली नळी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. लहानपणी ठेवायचा तशीच.

"खा रं. माझ्यापायी उपाशी मरतूयास."

मी ती परत त्याच्या वाटीत ठेवली. दादा उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ म्हशीपाशी उभा राहिला. वहिनी म्हणाली, बघून या. मी गेलो नाही. मला भूक लागली होती, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. दादाचे डोळे पिवळे व्हायला लागले होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

पोटातलं पाणी काढायला दादाला पुण्याला दाखल केलं, तेव्हाच माझी दुसरी तपासणी ठरली. मी गाडी घेऊन फलटणला गेलो, अक्काला आणि दाजींना घेतलं, आणि लोणंदवरून खंडाळ्याला हायवेला लागलो. दाजींनी वाटेत विचारलं की अक्का कशाला? मी म्हणालो, पुण्यातल्या मशीनचा काय भरवसा. अक्का मागे बसून शेंगा सोलत होती.

पुण्यात हाडांची घनता बघायचं एक मोठं मशीन असतं. टेबलावर निजवतात आणि वरून एक हात हळूहळू फिरतो. हाडं, स्नायू आणि चरबी वेगवेगळी मोजतो. सगळ्यात भरवशाचं हेच, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मी हट्ट धरून ते करवून घेतलं. आधी अक्का. ती टेबलावर निजली, जोडव्यांवरून पुन्हा बोलणं झालं, तिचा आकडा पंचवीस आला. माझा एकतीस. म्हणजे पैलवानांचं मशीन एवढे दिवस जवळपास बरोबर सांगत होतं, आणि बाकी सगळ्यांनी, माझ्या मानेसकट, मला खूश ठेवलं होतं.

मी डॉक्टरांपुढे बसलो आणि हे सगळं त्यांना सांगितलं, पाटी, मोबाईल, फीत, चिमटा, टेबल. ते चांगले गृहस्थ होते, ऐकून घेतलं.

"मग साहेब, ह्यातलं खरं कुठलं?"

"सगळे अंदाजच. हे टेबल जरा जवळचं, तुमचा मोबाईल जरा लांबचा. टेबलही अचूक नाहीच." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "पण मला हे नकोच आहे. अंगभर किती चरबी आहे याच्याशी मला काही करायचं नाही. लिव्हरमध्ये किती आहे तेवढंच हवंय. मी तेच म्हणालो होतो."

तसं ते खरंच म्हणाले होते. मी ऐकलं होतं फक्त 'चरबी कमी करा'.

लिव्हरचा वेगळा फोटो काढला. चरबी कमी झाली होती, पण पुरेशी नाही, काठावर. डॉक्टर म्हणाले, फोटो शेवटी बाहेरून काढलेला, खात्री करायची तर सुईनं आतला बारीकसा तुकडा घेऊन बघावा लागेल, त्यात थोडा धोका असतो, विचार करा. विचार कसला? पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. मी म्हणालो, "घ्या साहेब, काप घ्या. दोन कोपऱ्यांतनं घ्या." त्यांनी एकच घेतला. त्याचा निकाल आला, आणि तो नकाराचा होता. कापावर वाद घालायचा नसतो. मी कुठल्याच गिऱ्हाइकाला घालू दिला नव्हता.

मी दादाच्या खोलीत गेलो. तो उशीला टेकून बसला होता, वहिनी संत्रं सोलत होती, अक्का पायथ्याशी, दाजी दारात. मला काही बोलायची गरज पडली नाही.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "तू लय केलंस. चल आता घरला, भात खा जा."

मला रडू आलं आणि मी रडलो. मग अक्का उठली.

"माझं बघा म्हणावं डॉक्टरला."

"तुला तवाच सांगितलं," दादा म्हणाला.

"सांगितलंस, इचारलं न्हाईस." अक्काचा आवाज चढला नव्हता. "तुमी दोगं सोन्यातली माणसं. एवढं दीस ह्यानं मला हर मशिनीवर आधी चढवलं. विट्यात चढले, सांगलीचं तेवढं चुकलं, हितं त्या टेबलावर सुदीक निजले. कशापायी? माझा आकडा हलला तर मशीन खोटं, व्हय का न्हाई रं?"

मी मान हलवली.

"म्हंजी खरी मी. तुमीच ठरवलंसा, मी न्हाई. मग मशीन तपासायला चालते, आन् माझ्या भावाला चालत न्हाई?"

"बाय, तू दिल्याली हायस," दादा म्हणाला.

"दिल्याली हाय. मोडीत घातल्याली न्हाई." मग ती एकदम रडायला लागली. "दादा, तुझी ती बाटली बघून माझा जीव जळतूय. आज न्हाई, नांदाय गेल्यापास्नं. मला बी कायतरी देऊ दे की रं."

दादा दाजींकडे बघायला लागला. सासरच्या माणसाकडून नकार आला असता तर त्याची सुटका झाली असती. दाजी म्हणाले, "माझ्याकडं बघू नगासा. मी फौजेत बी हुकूम मानायचो आन् घरात बी तेच करतूय." नंतर चहाच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले आणि दोन्ही तसेच ठेवून उठले.

डॉक्टर म्हणाले, वय काठावर आहे. मग अक्काची एकामागून एक तपासणी झाली, रक्तगट जुळला, आणि तिच्या लिव्हरच्या फोटोत नाव ठेवायला जागा नव्हती. सुईचीही गरज पडली नाही. जोडवी मात्र ऑपरेशनच्या दिवशी काढावीच लागली. तिनं ती स्वतःच्या हातानं काढून वहिनीच्या मुठीत दिली आणि दाजींना म्हणाली, "जरा येळ जित्ते ऱ्हावा." आत गेली. आम्ही बाहेर बसलो. दाजींच्या खिशात ती फीत होती, ते ती बोटाला गुंडाळायचे आणि सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. वहिनीनं मूठ एकदाही उघडली नाही. मला काही करण्यासारखं नव्हतं. माझ्यापाशी इतके आकडे होते आणि त्यातला एकही आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता. मी नुसता दाराकडे बघत बसलो आणि दोघंही बाहेर यावीत म्हणत राहिलो.

दोघंही आली. अक्का आधी चालायला लागली, दादा नंतर. दादाच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला तेव्हा तो मला पुन्हा रागवायला लागला, आणि मी भात खायला लागलो.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी दादाला प्रवासाची मोकळीक दिली. तो म्हणाला, पहिलं फलटणला जायचं. वहिनी, दादा आणि मी निघालो. अक्काच्या दारात ऊस तुऱ्यावर आला होता. ती ओट्यावर उभीच होती, पहिल्यासारखी, मापाचा ब्लाऊज अजून तोच. दादा ओट्यावर बसला, घाम पुसला, आणि पिशवीत हात घालून त्यानं बाटली काढली.

दाजी काहीतरी बोलणार होते, वहिनीनं डोळे मोठे केले. दादाच्याही ध्यानात आलं असावं. तो बाटलीच्या टोपणाशी चाळा करत म्हणाला, "तसं न्हाई बाय. डॉक्टरनी सांगितलंय. उकळून गार केल्यालंच प्यायचं. दुसरं चालत न्हाई."

हे खरंच होतं. ऑपरेशननंतर त्याला तशी ताकीद होती, आणि त्याला याहून चांगलं कारण आयुष्यात मिळणार नव्हतं.

अक्का आत गेली आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आली. तांब्यावर झाकण होतं. "सकाळीच उकळून ठेवलंय," ती म्हणाली. "मला बी सांगितलं हुतं डॉक्टरनी."

दादानं तांब्याकडे पाहिलं. "गाळलंय?"

"गाळलंय."

"फडकं सवच्छ हुतं?"

"नवं फाडलंय."

त्यानं बाटली बाजूला ठेवली, अक्काच्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि एका दमात प्याला. मग ते पुढं केलं. अक्कानं पुन्हा भरलं, तेही प्याला. अक्काचा हात तांब्यावर घट्ट होता. मी उसाकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

दादानं मिशी पुसली.

"तुझ्या हिरीचं पाणी लय गोड हाय गं बाय," तो म्हणाला. एवढी वर्षं येत होता, पण त्याला ते माहीतच नव्हतं.